पैलखोऱ्याचे दोन देव

चिखलोबा हा देव आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत, मधल्या सुट्टीत, कपातला चहा निवत असताना जन्माला आला. त्या वेळी मी समोरच्या बाकावर सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. म्हणूनच, पुढे पाच-सहा वर्षांनी राधानगरीच्या पलीकडच्या एका खेड्यात, पाटाच्या तोंडाशी, शेंदूर फासलेला आणि पुढ्यात नारळाच्या करवंट्या पडलेला चिखलोबा मी पाहिला, तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. देव जुना असतो, अशी आपली समजूत असते. हा देव माझ्या नोकरीपेक्षा लहान होता.

त्याला जन्म देणारे सर माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहू लागलो. काही चेहरे फार वेळ पाहू नयेत.

पण असे मधूनच सांगून समजायचे नाही. सर कोण होते, ते आधी सांगितले पाहिजे.

कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात ते भूगोल शिकवीत आणि शेजारच्या वर्गात मी गणित शिकवीत असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. सरांचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, आणि हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात बिस्किटे कधीच नसत; मातीच्या पुड्या असत. गगनबावड्याची तांबडी, शिरोळकडची काळी, चंदगडची जांभ्याची. प्रत्येक पुडीवर गावाचे आणि शेताच्या मालकाचे नाव. वर्गात जाण्यापूर्वी ते एखादी पुडी उघडून वास घेत आणि समाधानाने मिटून ठेवीत.

आश्चर्य असे की, या गृहस्थांची तसूभरही जमीन नव्हती. जन्म पेठेतला, शिक्षण पेठेतले, बिऱ्हाडही पेठेतच. नांगर त्यांनी फक्त फळ्यावर काढला होता. पण रस्त्याने गवताचा भारा घेऊन जाणारा कोणी दिसला की सर त्याला अडवीत.

"पावणं, गाव कुठलं?"

"बावड्याकडचं."

"तुमच्यात भातासाठी पहिला चिखल कोण करतं?"

"ज्याच्या बैलात दम हाय, त्यो."

"आणि सगळ्यात शेवटी?"

"ज्याला बैलच न्हाय, त्यो. का वो, जमीन बघायलाय व्हय?"

"नाही. मी देव बघतोय."

यावर तो मनुष्य भारा सावरून झपाझप चालू लागे आणि सर तिथेच थांबून कोटाच्या खिशातल्या चोपडीत 'ज्याला बैल नाही तो' असे टिपून ठेवीत.

आता त्या मधल्या सुट्टीकडे वळतो. एका विद्यार्थ्याने पेपरात लिहिले होते : 'भात पाण्यात लावतात, कारण तिथल्या देवाला पाणी आवडते.' सरांनी ते मोठ्याने वाचले. सगळे शिक्षक हसले. एकटे सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हे चूक आहे, हे खरे. पण हे ज्या देशात बरोबर असेल, तो देश कसा असेल?" त्यांनी एक कोरी पुरवणी घेतली आणि तिच्यावर एक नदी काढली. नदीच्या खालच्या काठावर भाताची खाचरे काढली, वरच्या काठावर उतार आणि नाचणीची हलकी, वरकस जमीन. देशाचे नाव ठेवले पैलखोरे. चहावर साय धरली होती.

त्या दिवसापासून चूक उत्तराला ते चूक म्हणेनासे झाले. "हे पैलखोऱ्यात बरोबर आहे," असे म्हणत आणि पुढच्या मुलाकडे वळत. पैलखोऱ्यात पाठवला गेलेला मुलगा पुढच्या वेळी अभ्यास करून येई.

हळूहळू पैलखोऱ्याची वही जाड होत गेली. खालच्या काठाचा देव चिखलोबा आणि वरच्या काठाची देवी वरकसाई ही सख्खी भावंडे. आभाळातून धान्याची पहिली मूठ पडली तेव्हा चिखलोबाने ती पाण्यात टाकली, कारण पाणी सगळ्यांच्या वाफ्यात जाते. वरकसाईला ते पटले नाही. तिने आपल्या वाट्याचे दाणे पदरात बांधले आणि ती डोंगर चढून गेली. तेव्हापासून खालच्या काठावर कोणी एकट्याने लावण करीत नाही, कोणी कुलूप लावत नाही. पण तिथे कोणाला काही मनात ठेवण्याचीही सोय नाही. वरच्या काठावर कोणी कोणाकडे काही मागत नाही. ज्याने खणले त्याचे पीक, आणि तीन वर्षांनी जमिनीला विसावा. तिथले लोक ताठ मानेने चालतात. पण तिथे कोणी मेले तर तिरडीला दोनच खांदे मिळतात.

"कोणताही देव पूर्ण बरोबर लिहायचा नाही," सर मला सांगत. "पूर्ण बरोबर देव मिळाला, की मुले विचार करायचे थांबतात."

मुले मात्र चांगलीच विचार करू लागली. आठवीच्या वर्गात खालचा काठ आणि वरचा काठ असे दोन पक्ष पडले. उतारावर भात का होत नाही, जांभ्यात पाणी का टिकत नाही, हे पुस्तकात वाचून कंटाळणारी मुले आता आपल्या देवाची बाजू मांडण्यासाठी पाऊसमान पाठ करू लागली. एकदा मैदानावर एका वरकसाईवाल्याने एका चिखलोबावाल्याचा दात पाडला. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतले आणि विचारले, "कोल्हापुरात देव कमी पडले होते का हो?"

सर गंभीरपणे म्हणाले, "शेतीचे दोन कमी होते."

या वहीचा पहिला वाचक मी नव्हतो. तो मान कासमभाईंचा. शाळेच्या मागच्या बोळात त्यांचे बुकबाइंडिंगचे दुकान होते. शाळेचे दाखले, दप्तरे, लोकांच्या पोथ्या, सगळे काही ते बांधून देत. मजकूर वाचल्याशिवाय पुठ्ठा घालायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. पैलखोऱ्याचे नवे पान लिहून झाले की सर त्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसत आणि वाद सुरू होई.

"मास्तर, तुमचा चिखलोबा लई आगाऊ हाय," कासमभाई खळीचा ब्रश फिरवता फिरवता म्हणत. "सगळ्यांनी मिळून करा, सगळ्यांनी मिळून खा. आणि एकांद्याला न्हाय मिळून खायचं, तर?"

"तर त्याने डोंगर चढावा."

"मी चढलोयच की. तीस वरसं एकटा बसतोय या दुकानात, कुणाला हात लाव म्हणालो न्हाय. आपली तर वरकसाई."

"पण वरकसाईच्या गावात तुम्ही पडलात, तर उचलायला कोणी येणार नाही, कासमभाई."

"पडलो तर न्हवं? न पडता जगायचं असतंय, मास्तर." मग ते माझ्याकडे पाहून डोळा मिचकावीत. "तुमचं हे देव खोटं हायत, म्हणून बरं हाय. खऱ्या देवावर आमी असं भांडलो असतो व्हय?"

खोट्या देवांचा धोका खऱ्यांहून कमी असतो, असे आम्हा तिघांनाही त्या काळी वाटत होते.

सरांच्या विद्यार्थ्यांत दत्तू नावाचा एक मुलगा होता. राधानगरीकडचा, बोर्डिंगात राहून शिकणारा, अक्षर मोत्यासारखे. त्याने मॅट्रिकच्या सुट्टीत सरांची सबंध वही उतरून घेतली आणि कासमभाईंकडून बांधून नेली. कासमभाईंनी ती प्रेमाने बांधली. त्या आठवड्यात पोथ्या बांधायचे तांबडे कापड उरले होते, तेच तिला लावले. पुढे दत्तू गावाच्या दूध संस्थेचा सचिव झाला, असे कानावर आले. सर म्हणाले, "चांगले झाले. नियम पाळणारा मुलगा आहे."

काही वर्षांनी एका जुलैत दत्तू शाळेत आला. अंगावर पांढरा सदरा, डोळ्यांत आनंद मावत नव्हता. सरांच्या पाया पडून म्हणाला, "सर, गावाकडं चला. तुमची वही आमी गावाला लागू केलीया."

सर हसले. त्यांना वाटले, शाळेत नाटक बसवले असेल.

रविवारी आम्ही एस.टी.ने गेलो. पाऊस लागून राहिला होता. दत्तूने आम्हाला थेट पाटावर नेले, आणि मी सुरुवातीला सांगितलेले दृश्य आमच्यासमोर उभे राहिले. दगडापुढे, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, तांबड्या कापडाची वही चौरंगावर ठेवली होती. तिला हळदकुंकू वाहिले होते.

दत्तू उत्साहाने सांगू लागला. त्या भागात पैऱ्याची रीत आहे. आज माझ्या वाफ्यात तुमच्या घरची माणसे राबतात, उद्या तितकेच दिवस तुमच्या वाफ्यात माझ्या घरची. भाताची लावण थोड्या दिवसांत उरकावी लागते, एका घराला ती झेपत नाही. म्हणून ही रीत. पण पाण्याची इंजिने आली, ऊस आला, तसे लोक दिवस घेऊन परत करीनासे झाले. वाफे पडीक राहू लागले. तेव्हा दत्तूने चावडीत वही वाचून दाखवली. तांबड्या कापडातली वही पाहून म्हाताऱ्यांनी विचारले, 'ही कुठल्या काळातली?' दत्तू म्हणाला, 'लई जुनी.' त्याच्या दृष्टीने ते खरेच होते. शाळा त्याला लई जुनी वाटत होती. पुढच्या अमावास्येला कोणीतरी दगड मांडला.

"दोन वरसं झाली, सर. एक वाफा पडीक न्हाय. पैरा मोडायची कुणाची टाप न्हाय."

"तो कोणाचा?" सरांनी विचारले.

पाटाजवळ एक पंधरा गुंठ्यांचा वाफा होता. भोवतीचे सगळे वाफे लावून हिरवे झालेले, आणि मधोमध हा नुसता चिखल. कडेला तरवा, म्हणजे भाताची रोपे, वाढून पिवळी पडू लागली होती. एक बाई एकटीच फावड्याने चिखल सारखा करीत होती.

दत्तूचा आवाज उतरला. "ती हौसाबाई. तिनं पैरा मोडलाय."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गेल्या वर्षी पहिली लावण हौसाबाईच्या वाफ्यात झाली. अकरा माणसे राबली. दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा बांधावरून घसरला आणि मांडीचे हाड मोडले. ती त्याला घेऊन महिनाभर कोल्हापुरात दवाखान्यात होती. लावण संपली, दिवस परत द्यायचे राहून गेले. नवरा अजून खाटेवरच होता. यंदा तिच्या वाफ्यात कोणी उतरले नाही, बैल कोणी दिला नाही. सगळा चिखल तिने फावड्याने केला होता.

"पण तिचा नवरा पडला होता!" मी म्हणालो.

"ते वहीत न्हाय, सर," दत्तू म्हणाला.

मला आजही त्या वाक्याची धडकी भरते. रीत वहीत नव्हती, तोवर तिच्यात फटी होत्या. कोणी आजारी पडले, कोणाकडे मयत झाली, तर गाव चार दिवस कुरकुरे आणि दसऱ्यापर्यंत विसरून जाई. विसरणे हा त्या रीतीचा न लिहिलेला भाग होता. सरांनी ती सुबक भाषेत लिहिली आणि सगळ्या फटी बुजवल्या. नियम असा होता : 'पैरा मोडणाऱ्याच्या वाफ्यात कोणी उतरू नये. जो उतरेल, त्याला त्याचे पाय वर्षाच्या आत सोडून जातील.'

"हे दुसरे वाक्य का लिहिलेत?" मी सरांना हळूच विचारले.

सरांचे ओठ पांढरे पडले होते. "परिच्छेदाला शेवट हवा होता," ते म्हणाले.

दुपारी चावडीत माणसे जमली. सर उभे राहिले आणि वर्गात बोलावे तसे स्पष्ट बोलले. "हा देव मी केला आहे. कोल्हापुरात, शाळेत बसून. हे माझे शेजारी साक्षीला आहेत. हा नियम मी मुलांना शिकवण्यासाठी लिहिला. तो मी आता मागे घेतो."

कोणी रागावले नाही, हीच भयंकर गोष्ट होती. एक वृद्ध पंच अतिशय आदराने म्हणाले, "मास्तर, तुमी लिवलं असंल. पर तुमच्याकडनं लिवून कुणी घेतलं?"

"कोणी नाही. माझे मीच."

"तुमची जमीन किती?"

"मुळीच नाही."

"कदी लावण केलीया?"

"नाही."

"मग बिगरजमिनीच्या माणसाला पैऱ्यातलं येवढं बारीक कळलं कसं?" म्हाताऱ्याने सभोवार पाहिले. सगळ्यांनी माना डोलावल्या. "आणि एक सांगा. तुमी आज देव उचलून न्याल. उद्या कोन कुनाच्या वाफ्यात जाईल? त्याची हमी देतासा?"

गाव खोटे बोलत नव्हते. पडीक वाफे खरेच हिरवे झाले होते, आणि त्या हिरवळीच्या मधोमध एक बाई बुडत होती.

सर चावडीतून बाहेर पडले, छत्री दत्तूच्या हातात दिली, पाटावर आले. चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि हौसाबाईच्या वाफ्यात उतरले. गुडघ्यापर्यंत रुतले. माझ्या मागे बायकांचा एकदम 'आगं आई' असा आवाज झाला.

हौसाबाई तर घाबरूनच गेली. "मास्तर, वर निगा! मला काय व्हायचं ते हूं दे, तुमी कशाला पाय घालवतासा?"

"बाई, रोप कसे धरायचे ते दाखवा," सर म्हणाले. "मला फक्त फळ्यावरचे येते."

दोन दिवस त्यांनी लावण केली. सोमवारची रजा मी दोघांची तारेने कळवली. सरांची ओळ इतकी वाकडी जात होती की, शेजारच्या बांधावर उभ्या असलेल्या बायका भीतीतही पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मास्तर, ती ओळ हाय का पाटाचं वळान?" एकीने विचारले. "तुमच्या शाळेत समद्या रेघा अशाच व्हय?" हसत होत्या, पण एकीनेही पाऊल आत टाकले नाही.

आणि मी? मी तरव्यातून रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधून बांधावरून आत फेकत होतो. नियमात 'वाफ्यात' असा शब्द होता. तरव्याविषयी नियम गप्प होता. ही फट सापडल्याचा मला मनातून आनंद झाला होता. ज्या देवाला चहा निवताना जन्मलेले मी पाहिले, त्याला मी भ्यालो होतो. इतकी वर्षे शहाणपणा शिकवून मला माझ्याविषयी कळलेली ही सर्वांत धक्कादायक गोष्ट.

सोमवारी संध्याकाळी लावण पुरी झाली. सरांच्या पायाला कशाचा तरी बारीक काप गेला होता, त्यांनी तो दाखवलाही नाही. त्यांना मधुमेह होता, हे आम्हाला ठाऊक होते. ते स्वतः मात्र त्याची आठवण ठेवीत नसत. पंधरा दिवसांत पाय सुजून काळानिळा झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचवला, पण उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

ही बातमी ऐकली तेव्हा मी वर्गात उदाहरण सोडवत होतो. ज्या वाक्याने त्यांनी परिच्छेद संपवला होता, ते वाक्य त्यांच्याच पायाशी येऊन थांबले होते. योगायोग कसा मोजतात, हे मी मुलांना शिकवतो. त्या दिवशी मला ते जमले नाही.

दत्तू दवाखान्यात आला तेव्हा मी खाटेशी होतो. त्याचा चेहरा पाहवत नव्हता. पिशवीतून त्याने नारळ काढला.

"सर, एकदा फोडा. तुमचं काय जातंय?"

"दत्तू, बोटे गेली. आता नारळही देऊ?"

"सर, मस्करी नगं. हौसाबाईचं भात पोटऱ्यात आलंय. पर कापणीला कोन जानार? तुमचं पाय गेलं म्हटल्यावर…"

"पाय गेले नाहीत. दोन्ही आहेत. गावाला सांग, मोजून घ्यायला मी स्वतः कापणीला येतो. चालत येतो." मग ते थोडे थांबले. "बोटांचे मात्र सांगू नकोस."

त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. 'लंगडताना दिसलो तर ती बाई बुडाली,' हे एकच. घराच्या सोप्यात ते भिंत न धरता फेऱ्या मारीत आणि मला उंबऱ्यात बसवून विचारीत, "आता कळतंय का? आता?" कळत होते. बोटांच्या जागी आधार नसल्याने पाय कलत होता.

शेवटी कासमभाई आले. त्यांनी सरांचा पाय मांडीवर घेतला, कागदावर त्याची बाहेरची रेघ काढली आणि तीन दिवसांनी पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून, वर कापड चढवून, दोन बोटांचा साचा आणला. तो पायमोज्यात घालून चप्पल चढवली की पाय सरळ पडे.

"या वहीला पुठ्ठा मीच घातला," कासमभाई मान खाली घालून म्हणाले. "काळं कापड लावलं असतं, तर कुणी पोथी म्हणालं नसतं. आता तुमच्या पायाला बी मीच घालतो."

"तुमचा यात दोष नाही, कासमभाई."

"दोष कुनाचा ते ऱ्हाऊ दे. सावकाश चाला. खळ भिजली तर सुटंल."

कार्तिकात आम्ही गेलो. एस.टी.तून उतरल्यापासून शिवारापर्यंत जवळजवळ मैलभर वाट होती. सर ताठ, एका लयीत, गप्पा मारीत चालले. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला मुद्दाम थांबवून रामराम केला. मी मागून चालत होतो, म्हणून मला दिसत होते. निम्म्या वाटेतच पायमोजा लाल होऊ लागला होता. मी कोटाची बाही ओढली. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मागे राहा. झाकला जातोय का तेवढे बघा."

पाटाचे वळण घेतले आणि आम्ही दोघेही थबकलो.

हौसाबाईच्या वाफ्यात बायकांची सबंध ओळ कापणीला बसली होती. सवयीने मी मोजले. अकरा. विळ्यांचा आवाज येत होता, कोणीतरी कोणाची तरी टर उडवत होते. आणि वाफ्याच्या वरच्या बांधावर, चिखलोबाकडे पाठ करून, हळदीने पिवळा केलेला दुसरा एक दगड उभा होता.

"मास्तर आलं!" एक बाई ओरडली. "आगं, मास्तर आलं! बोटं कशी हायत वो?"

सरांचा चेहरा पडला. "बोटे?"

"समद्या गावाला ठावं हाय की. चिखलोबा दोन्ही पाय मागत हुता. वरकसाई आडवी आली, दोन बोटांवर भागवलं." बाईने पिवळ्या दगडाकडे हात जोडले. "भावाला भनीनंच आवारावं लागतंय."

सर बांधावर बसले. खरे म्हणजे कोसळले. रक्तात चालून आलेला तो मैलभर रस्ता कोणाच्याही उपयोगाचा नव्हता. हौसाबाई विळा ठेवून धावत आली. पायमोजा पाहून तिने काही विचारले नाही. कमरेचा फडका सोडून घट्ट बांधला.

"हा दगड कोणी मांडला?" सरांनी विचारले.

"मी मांडलो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका असेच बोलतात. "दत्तूकडनं समदी वही वाचून घेतलो. ह्यो देव मला पुरंना, म्हणून पुढची पानं वाच म्हणालो."

"पण हौसाबाई," सर कळवळून म्हणाले, आणि त्या स्थितीतही त्यांच्यातला शिक्षक बोलत होता, "वरकसाई अशी नाही. तिच्या राज्यात कोणी कोणाच्या मदतीला येत नाही. तिचा नियमच आहे, कोणाकडे काही मागायचे नाही."

"व्हय की. मी कुनाकडं मागितलं न्हाय. ह्या आपनहून आल्या. वरकसाईच्या वाफ्यात न बोलवता यायचं असतंय."

"असे वहीत कुठेही नाही."

हौसाबाईने गाठ पक्की केली आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.

"वहीत मी तरी कुटं हाय, मास्तर?"

तिला कापणी उरकायची होती. ती उठली, विळा घेतला आणि ओळीत तिची जागा सोडलेली होती तिथे जाऊन बसली.